लेकरू विचारते, तं सांगा ना!

रविवारी शंकरनगर चौकाजवळच्या कट्ट्यावर तर्री-पोह्याच्या प्लेटा हातात असतानाच वकिलाने विषय काढला. आदल्या दिवशी त्याच्या घरी भावजयीचं डोहाळेजेवण होतं. फुलांनी सजवलेला झोपाळा, झाकलेल्या दोन वाट्या. बर्फीची वाटी उघडली, बायकांनी गलका केला. तेवढ्यात त्याच्या पाच वर्षांच्या पोरीने सगळ्यांसमोर विचारलं, "काकूच्या पोटात बाळ गेलं कसं? अन् निघन कुठून?" आजीने तिला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं.

"आता तिले काय सांगू?" वकील म्हणाला.

"देवबाप्पानं दिलं म्हणाव अन् मोकळं व्हाव," मास्तर म्हणाला. "पाच वर्षांच्या पोट्टीले काय समजते? उद्या साऱ्या वर्गाले सांगन, मंग बाकीच्यांच्या आया येतीन भांडाले."

मास्तर प्राथमिक शाळेत शिकवतो, त्यामुळे ही भीती उगाच नाही. २००७ मध्ये आपल्या राज्यात शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली, तेव्हाचा गोंधळ त्याने जवळून पाहिलाय. पण मला हे पटत नाही. ज्या पोटाची ओटी भरली, त्याबद्दलच विचारलं तर लेकराला ओढत न्यायचं? त्या दंडावरच्या पकडीतून पोरगी काय शिकली असेल, याचाच मला जास्त त्रास होतो.

सिस्टर वहिनी सरकारी दवाखान्यात प्रसूती वॉर्डात आहेत. त्यांनी प्लेट खाली ठेवली.

"भाऊजी, लेकरं स्वतःच काहीबाही जुळवतात. एक पोरगा आईले भेटाले आला अन् रडूनच राहिला. म्हणे, आईनं बाळ गिळलं. बाळ पोटात आहे एवढंच त्याले सांगितलं होतं. मंग मी त्याले सांगितलं, जेवण जाते ती जागा वेगळी, बाळाची पिशवी वेगळी, बेंबीच्या खाली. नाळेतून त्याले सारं मिळते. तुझी नाळ इथं होती, म्हणून ही बेंबी. त्यानं सदरा वर करून आपली बेंबी पाहिली अन् गप्प झाला."

"अन् निघते कुठून, ते?" मास्तर.

"बाळासाठी खाली वाट असते, तिथून येते. नाही जमलं तं डॉक्टर पोटावर चीर देऊन काढतात. खरं तेच सांगाचं."

"अन् गेलं कसं?"

"आईचं अंडं अन् बाबाचं बीज मिळालं की बाळ वाढाले लागते. पाच वर्षांच्या लेकराले एवढं पुरते. त्याच्या पुढचं विचारलं तं तेव्हा पुढचं."

(त्या वाट्यांच्या खेळाबद्दलही मला बोलायचं होतं. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजातल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरतं, आणि मुली झाल्या म्हणून बोलणी मात्र बाईच खाते. हेही लहानपणीच कानावर पडायला हवं.)

मास्तर अडून बसला. "बाकी सारं सांगतो. पण अवयवांची नावं माझ्या तोंडातून निघत नाहीत."

यावर वकीलच चिडला. "कपड्यावरून हात लावला, कातडीले कातडी लागली नाही, म्हणून तो पॉक्सोतला, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यातला, लैंगिक हल्ला नाही, असा निकाल आपल्याच नागपूर खंडपीठातून निघाला होता, २०२१ च्या जानेवारीत. बारा वर्षांची पोरगी होती. नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला. कोर्टात एवढा कीस पडते, कुठं लागला हात, कसा लागला. अन् घरी आपण लेकराले त्या जागेचं नावही सांगत नाही! ते काय सांगन मंग? 'तिकडे' म्हणन?"

मास्तर थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पोरींले वहिनी सांगतीन. पोट्ट्यांले कोण सांगन?"

"तू सांग ना," वहिनी म्हणाल्या. "आंघोळ घालतो ना पोराले? हात, पाय, पाठ म्हणतो, तसंच शिश्न म्हण. ती जागा त्याची आहे, दुसऱ्यानं हात लावाचा नाही, लावला तं घरी येऊन सांगाचं, हेही तेव्हाच सांग."

"अन् माझी आई घरात असते त्याचं काय?"

"तिच्यासमोरच सांग," वकील म्हणाला. "मी आज आईले बाजूले बसवूनच सांगणार हाओ पोरीले. काल तिलेच जास्त लाज वाटली होती."