स्वामीजींच्या फोटोखाली पावडर विकू नका

आज सकाळी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. कर्नाटकातल्या तुमकूरच्या सिद्धगंगा मठाचे शिवकुमार स्वामीजी, त्यांच्या फोटोवर ठळक अक्षरांत '१११ वर्षं जगण्याचं रहस्य' आणि खाली यादी. कडुलिंबाचा काढा, इडली, मुगाची डाळ, पहाटे उठणं. शेवटी कुणा पावडरवाल्याचा मोबाइल नंबर. त्याखाली आमच्याच माणसांनी हात जोडलेले. डोकंच फिरलं माझं.

अरे, ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची पोरं जेवू घातली, त्याच्याकडून तुम्हाला घ्यावंसं काय वाटलं, तर तो स्वतः काय खायचा ते?

माझा मावसभाऊ त्या मठात शिकलाय. काका अचानक गेले. अक्कलकोट तालुक्यातली थोडी कोरडवाहू जमीन आणि मावशीच्या पदरात तीन लेकरं. कुणीतरी तिला सिद्धगंगेचं नाव सांगितलं. जूनमध्ये मामा आणि मी त्याला सोडायला गेलो. पोराच्या हातात पत्र्याची पेटी, तीत दोन चड्ड्या, दोन सदरे आणि फडक्यात बांधलेल्या कडक भाकऱ्या. मठात प्रवेशाची ही भली मोठी रांग. स्वामीजी तेव्हा नव्वदीच्या पुढे होते. भगवी वस्त्रं, जाड चष्मा, पुढ्यात अर्जांचा गठ्ठा. एकेक कागद डोळ्यांजवळ धरून स्वतः वाचत होते. मामा वाटेत काय काय बोलायचं ते घोकत आला होता, पण तिथं त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. आम्हाला ना कुणी जात विचारली, ना फी सांगितली. दुपारी आम्हालाही पोरांच्याच पंगतीत बसवलं. रागी मुद्दे म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, सांबार, भात, ताक.

हा माणूस १९०७ साली मागडी तालुक्यातल्या वीरापुरात, शेतकऱ्याच्या घरी जन्मला. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकला. त्या काळी एवढं शिकलेल्या पोराला कुठंही नोकरी मिळाली असती. १९३० मध्ये संन्यास घेतला आणि १९४१ मध्ये मठाची सगळी जबाबदारी अंगावर आली. तेव्हा मठ काही श्रीमंत नव्हता. पोरांना दोन घास मिळावेत म्हणून स्वामीजी गावोगाव फिरून धान्याची भिक्षा मागायचे. पुढं शंभरावर शाळा-कॉलेजं उभी राहिली. एकट्या मठात सुमारे १०,००० पोरं राहायची, जेवायची, शिकायची, तीही फुकट. सगळ्या जातींची, मुसलमानांचीसुद्धा. अन्न, अक्षर आणि आसरा हा तिथला त्रिविध दासोह, म्हणजे तीन तऱ्हेची निःस्वार्थ सेवा. हे त्या यादीत कुठंय? एक ओळ तरी?

निवडणूक आली की झाडून सगळ्या पक्षांचे पुढारी तिथं पाया पडायला जायचे. तो फोटोंचा बाजार मलाही खटकायचा. मान्य.

आणि हो, तब्येत खणखणीत नसती तर एवढं काम झालं नसतं, हेही खरं. पण तब्येत राखायची म्हणून ते पहाटे उठत नव्हते हो! पूजा आटोपून पुढं हजारो पोरांचा दिवस उभा करायचा असायचा.

सकाळपासून मावसभावाचीच आठवण येतेय. परतताना आम्ही त्याला हाक मारली, तर तो पोरांच्या घोळक्यात पेटीवर बसून आपल्या भाकऱ्या वाटत होता. आमच्याकडं नीट बघितलंही नाही त्यानं. मामा एसटीत तुळजापूर रस्ता लागेपर्यंत डोळे पुसत होता. आज तो भाऊ वीज खात्यात आहे. त्याच्या घरी ताटात शीत टाकलेलं चालत नाही, पाहुण्यानं टाकलेलंही नाही. वर्षाला एक पोतं तांदूळ तुमकूरला जातं, बायकोला कळो न कळो.

त्याच्यासाठी स्वामीजी अजूनही 'बुद्धी', तिकडं स्वामींना आदरानं अशी हाक मारतात. २१ जानेवारी २०१९ ला ते गेले, तेव्हा फोनवर धड बोलता येत नव्हतं त्याला. सकाळी पावणेबाराच्या सुमाराला प्राण गेला, पण बातमी लगेच बाहेर आली नाही. पोरांची जेवणं आधी उरकू द्या, मग सांगा, अशी त्यांची इच्छा होती. नाहीतर हजारो पोरं ताटावरून उठली असती. एवढंच सांगून भाऊ गप्प झाला.

कर्नाटक रत्न मिळालं, पद्मभूषण मिळालं, भारतरत्नाची मागणी झाली. ते सगळं असू दे. पण या माणसाच्या नावावर पुड्या खपवायच्या?

ग्रुपवर मी लिहिलं, तो फोटो काढा. आत्या म्हणाली, "एवढं काय त्यात, चांगलंच आहे की." आत्या, तुझ्यावर राग नाही माझा, पण हे चांगलं नाही. पावडरवाल्याला फोन लावला, उचलला नाही. उद्या पुन्हा लावणार.

आणि ज्यांनी हात जोडलेत त्यांना एक विनंती. सोलापुरात आमच्या ओळखीचं पोरांचं एक वसतिगृह आहे, जूनपासून त्यांना धान्य लागतं. ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, जमेल ते द्या. पैसे नकोत. पोतं भरून ठेवा आणि मला इनबॉक्समध्ये कळवा, गाडी मी पाठवतो.