'आम्ही तसे नाही' हे जपानी चित्रकारांनी किती वेळा सांगायचं?

परदेशात जपानच्या नव्या कलाकारांचं सामूहिक प्रदर्शन भरलं, की बिचाऱ्यांना चित्रं दाखवायच्या आधी खुलासा करावा लागतो. 'तुम्ही समजता तसे आम्ही नाही.' हे मला फार खटकतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

न्यूयॉर्कच्या जपान सोसायटीत १८ मार्च २०११ ला 'बाय बाय किटी!!!' नावाचं प्रदर्शन सुरू झालं (किटी म्हणजे 'हॅलो किटी', मांजरीचं ते गोंडस जपानी कार्टून). १६ कलाकार, बरेचसे तिशी-चाळिशीतले. निवड डेव्हिड एलियट यांची. हे गृहस्थ टोकियोच्या मोरी आर्ट म्युझियमचे पहिले संचालक, म्हणजे जपान आतून पाहिलेला माणूस. गोंडस बाहुल्या, टपोऱ्या डोळ्यांची कार्टून आणि जपानी चित्रकार ताकाशी मुराकामींची हसरी फुलं म्हणजेच आजची जपानी कला, असा पाश्चात्त्यांचा पक्का समज झाला होता. याच जपान सोसायटीत २००५ साली मुराकामींनी स्वतः रचलेलं 'लिटल बॉय' हे प्रदर्शन गाजलं होतं. एलियट यांना या समजाला रामराम ठोकायचा होता. हेतू चांगला, निवड त्याहून चांगली. पण नाव बघा! जिला निरोप द्यायचा तीच मांजर दारावर. आत शिरणारा प्रत्येकजण तिच्याशी तुलना करतच चित्रं बघणार.

त्यातल्या एका चित्राबद्दल मला बोलायचंच आहे. मानाबू इकेदांचं 'हिस्टरी ऑफ राइज अँड फॉल', २००६ चं. दोन मीटर बाय दोन मीटर कागद, बारीक निबचं पेन आणि शाई. लांबून जपानी किल्ल्यांच्या कौलारू छपरांचा एक अजस्र डोंगर दिसतो. जवळ गेलात की छपरांच्या वळचणीतून रेल्वेचे रूळ निघतात, फांद्या चेरीच्या बहराने लगडलेल्या दिसतात, मुंगीएवढे सामुराई दिसतात, आणि कुठलं छप्पर बांधलं जातंय आणि कुठलं ढासळतंय हे सांगता येत नाही. इकेदा आधी कच्चं रेखाटन करत नाहीत. एका कोपऱ्यातून सुरुवात, आणि दिवसभर मान मोडून काम केलं तरी जेमतेम तळहाताएवढा कागद भरतो. मोठ्या चित्राला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. यात किटीला नकार कुठे आहे? हा माणूस तिच्याकडे बघतसुद्धा नाहीये.

माकोतो आइदांचं 'ॲश कलर माउंटन्स' तसंच. सात मीटर रुंद. दुरून वाटतं, धुक्यातल्या डोंगररांगा, जुन्या शाईचित्रांत असतात तशा. जवळून कळतं की ते डोंगर म्हणजे सुटाबुटातल्या नोकरदारांची प्रेतं आहेत, अधेमधे ऑफिसच्या खुर्च्या आणि कॉम्प्युटर. १९९० च्या सुरुवातीला जपानच्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला, त्यानंतरच्या वर्षांत पोटापाण्याला लागलेल्या पिढीसाठी ही काही कल्पनेची भरारी नव्हती. माचिदा कुमींची ठसठशीत काळी रेघ पाहून वाटतं, एका फटकाऱ्यात मारली असेल. प्रत्यक्षात ती अनेक केसासारख्या बारीक रेषा शेजारी शेजारी ओढून भरत आणलेली असते. चिहारू शिओतांचा तो लग्नाचा पांढरा पोशाख आणि त्याला जोडलेल्या लाल द्रव वाहणाऱ्या नळ्या मी विसरूच शकत नाही. ही चौघं एका देशाची, हे खरं. पण यांचे प्रश्न एक नाहीत, हातही एक नाही.

आणि योग असा, की प्रदर्शन उघडायच्या बरोबर आठवडाभर आधी, ११ मार्चला, भूकंप आणि त्सुनामीने ईशान्य जपान उद्ध्वस्त झाला. मग पाच-सात वर्षांपूर्वी काढलेली चित्रंसुद्धा लोक त्याच बातमीच्या उजेडात बघू लागले. माणूस म्हणून ते साहजिक आहे. पण कलाकारावर अपेक्षेचं आणखी एक ओझं आलंच.

हे ओझं जुनं आहे. १९५८ मध्ये गुताई या जपानी प्रयोगशील कलाकारांच्या गटाने न्यूयॉर्कच्या मार्था जॅक्सन गॅलरीत चित्रं मांडली, तेव्हा 'ही तर आमच्या अमूर्त चित्रकारांची नक्कल' असं म्हणून बोळवण झाली. १९८९ मध्ये अमेरिकेत फिरलेल्या तरुण जपानी कलाकारांच्या प्रदर्शनाचं नावच 'अगेन्स्ट नेचर' होतं, कारण जपानी म्हटला की निसर्गाशी एकरूप, असं पाहुणचार करणाऱ्यांनी ठरवून टाकलेलं. म्हणजे आधी नक्कल नको, मग निसर्ग नको, मग मांजर नको. पिढी बदलते आणि नकाराचा विषय तेवढा बदलतो.

तरीही अशी प्रदर्शनं बंद व्हावीत असं मी अजिबात म्हणणार नाही. टोकियोत, विशेषतः गिंझा भागात, नवख्या चित्रकाराला आठवड्याच्या हिशेबाने भाडं मोजून गॅलरी घ्यावी लागते. आपल्या जहांगीरमध्ये आठवडाभराच्या तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबलेल्यांना यातलं दुखणं वेगळं समजावायला नको. चित्रांची ने-आण, विमा, छापील कॅटलॉग हे सगळं एकट्या पोराच्या आवाक्यातलं नसतं. संस्थेने ते केलं तर त्याचं आयुष्य बदलू शकतं.

माझं मागणं एवढंच, की देश पत्त्यापुरता असावा. शीर्षकात, भिंतीवरच्या मजकुरात आधी कलाकाराचा प्रश्न यावा. हेच मला २००८ च्या 'चलो! इंडिया'बद्दलही म्हणायचंय. मोरी म्युझियमने टोकियोत भरवलेल्या त्या प्रदर्शनात मुंबईत काम करणारे जितिश कल्लाट, शिल्पा गुप्ता होते. दोघांचं काम पाहिलेल्यांनी सांगावं, 'इंडिया' या एका शब्दाने त्यांच्याबद्दल काय कळतं?

इकेदा पुढे २०१३ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेले आणि मॅडिसनच्या चेझन म्युझियममध्ये तीन वर्षांहून जास्त काळ एकाच चित्रावर बसले. मध्यंतरी उजवा खांदा निखळला, तर डाव्या हाताने काढत राहिले. तीन मीटर बाय चार मीटरचं ते 'रिबर्थ' आता त्यांच्या सागा या जपानमधल्या जन्मप्रांतातल्या कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे. त्याच्या जवळून घेतलेल्या प्रतिमा नेटवर मिळतात. एकदा शांतपणे, झूम करून बघा, आणि तुम्हाला काय दिसलं ते खाली लिहा. मला खरंच वाचायचं आहे.