बायकांचं बीपी म्हणे भीतीचं असतं!

"दवाखान्यात बायकांचं बीपी खोटं येतं!" असा मथळा, आठ-दहा लाल उद्गारचिन्हं आणि शेवटी "प्रत्येक माऊलीपर्यंत पोहोचवा" अशी आज्ञा. हा निरोप तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. माझ्याकडे तो शाळेच्या, सोसायटीच्या, भिशीच्या अशा सगळ्या ग्रुपांतून आला आणि मी तो न वाचताच पुसत राहिले. पण परवा थोरल्या वन्संनी फोनवर बोलता बोलता सांगितलं, "अगं, ती बीपीची गोळी, टेल्मिसार्टन, मी सोडली. आपलं बीपी भीतीचं असतं, आलंय ना लिहून." वन्सं अठ्ठावन्न वर्षांच्या, त्यात साखर. मग तो निरोप नीट वाचला.

त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. बाई मुळात घाबरट, डॉक्टर दिसला की तिचं बीपी चढतं, म्हणून तिच्या बाबतीत दवाखान्यातला आकडा धरायचाच नाही. पाळी चालू आहे तोवर बाईला हार्ट अटॅक येत नाही, आणि पुढेही तो पुरुषांचाच आजार. वरचं बीपी वय अधिक शंभर इतकं चालतं. मर्यादा खाली आणली ती औषध कंपन्यांनी. तेव्हा गोळी बंद करा आणि अनशापोटी लसूण खा.

लसूण खा बापडे, चटणीत छान लागतो. वय अधिक शंभर या हिशेबाने वन्संना १५८ चालतं आणि ऐंशीच्या आजींना १८०. २००२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाख माणसांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या होत्या. चाळीस ते एकोणसत्तर वयात वरचा आकडा २० ने जास्त असला की पक्षाघाताने आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होत होता, आणि ही चढण थेट ११५ पासून सुरू होत होती. या मुद्द्याला एवढं पुरे.

आता मूळ मुद्दा. त्यात अर्धं खरं आहे, हे नाइलाजाने मान्य करते. डॉक्टरसमोर बीपी चढतं, ही काही कुणाच्या डोक्यातली कल्पना नाही. १९८३ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी ४८ जणांच्या धमनीत नळी घालून सतत बीपी मोजलं. डॉक्टर खाटेजवळ आला की वरचा आकडा सरासरी २७ ने वर जायचा, तोही पहिल्या चार मिनिटांतच. पण त्याच पाहणीतली गंमत निरोपवाल्याला कुणी सांगितलेली दिसत नाही. आकडा किती चढतो याचा बाई की पुरुष याच्याशी संबंध आढळला नव्हता. पुढे १९८८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काठावरचं बीपी असलेले २९२ जण तपासले. त्यातल्या २१ टक्क्यांचं बीपी दवाखान्याबाहेर नॉर्मल निघालं आणि त्यांत बायका जास्त होत्या. म्हणजे बायकांमध्ये हा प्रकार जरा अधिक दिसतो, हे खरं. पण पाचातल्या एकाचं बीपी बाहेर नॉर्मल निघालं म्हणून पाचही जणींनी गोळ्या फेकायच्या, हे गणित कुठल्या शाळेतलं?

शिवाय "नुसतं दवाखान्यातलं" बीपीही निरुपद्रवी नसतं. उपचार न घेतलेल्या अशा लोकांच्या सत्तावीस पाहण्या २०१९ मध्ये एकत्र केल्या, तेव्हा त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका नॉर्मल बीपीवाल्यांपेक्षा सुमारे ३६ टक्के जास्त निघाला. आणि उलटा प्रकारही असतो: दवाखान्यात १२६, घरी १४५. असं छुपं बीपी असलेल्या बाईला हा निरोप काय सांगणार?

मला सर्वांत संताप येतो तो 'घाबरट' या एका शब्दाचा. बाईचा आकडा वाढला की ते टेन्शन, छातीत भरून आलं की ती ॲसिडिटी, दम लागला की वजन. घरचे हेच म्हणतात, कधी कधी डॉक्टरही म्हणतात, आणि आता फोनही म्हणायला लागला. त्याच वाढलेल्या आकड्याला पुरुषाच्या बाबतीत मुकाट्याने बीपी म्हणतात.

याला खरं उत्तर २०२१ मध्ये 'सर्क्युलेशन' या अमेरिकन हृदयरोग नियतकालिकात आलं. लॉस एंजलिसच्या सीडर्स-सिनाई रुग्णालयातल्या सुझन चेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रेमिंगहॅम या अमेरिकन गावातल्या पाहणीसह चार मोठ्या, वर्षानुवर्षं चाललेल्या पाहण्यांतली २७,५४२ माणसं घेतली. त्यांत ५४ टक्के बायका होत्या, आणि सरासरी २८ वर्षं कुणाला काय झालं याचा माग होता. बायकांचा हृदयरोगाचा धोका पुरुषांपेक्षा खालच्या आकड्यापासूनच चढायला लागतो, असं दिसलं. पक्षाघाताचं बघा: बाईचं वरचं बीपी १२० ते १२९ असताना तिच्या धोक्यात जी वाढ दिसली, ती पुरुषात १४० ते १४९ ला दिसली.

आणि हे आकडे आले कुठून? घरच्या यंत्रातून नव्हे. ते तपासणी केंद्रात, प्रशिक्षित माणसाने किंवा डॉक्टरने पट्टा बांधून घेतलेले होते. म्हणजे निरोपवाला जो आकडा "बाईच्या बाबतीत धरायचाच नाही" म्हणतो, नेमक्या त्याच प्रकारच्या आकड्याने बायकांचा पुढच्या अठ्ठावीस वर्षांतला धोका दाखवून दिला. तो सगळा नुसत्या भीतीचा असता, तर त्याने काहीच दाखवलं नसतं.

यावर ग्रुपातल्या एका ताईंनी लगेच दुसऱ्या टोकाचा मथळा टाकला: "बाईचं ११० म्हणजे पुरुषाचं १६०!" तोही याच संशोधनातून उचललेला, आणि तोही तसा वाचायचा नाही. बायकांची तुलना शंभराखाली बीपी असलेल्या बायकांशी केली होती, पुरुषांची तशाच पुरुषांशी. मुळातला धोका बायकांचा कमी, त्यात किती पट भर पडली एवढंच हे आकडे सांगतात. ११० असलेल्या बाईला १६० वाल्या पुरुषाइतके अटॅक येतात असा त्याचा अर्थ होत नाही आणि ११० ला कुणी गोळी देत नाही. या पाहण्या अमेरिकेतल्या आहेत, हेही लक्षात ठेवायला हवं.

मग शंका आली तर करायचं काय? पुन्हा मोजायचं, नीट मोजायचं. आपल्याकडे ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवतात, ती दंडाला आवळून बसते आणि तिच्याखाली पट्टा बांधतात. नाहीतर सरळ कापडावरूनच गुंडाळतात. आकडा चुकायला भीतीची गरजच नाही. हात बाजूला लोंबकळत ठेवला तर वरचा आकडा सहा-साडेसहाने जास्त येतो, मांडीवर ठेवला तर चारने. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर याहूनही फुगतो. म्हणून सैल बाही घाला, लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, पाय जमिनीला टेकवा, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा आणि दंडाचं यंत्र वापरा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजून वहीत लिहा. घरची सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर ती वही घेऊन डॉक्टरकडे जा आणि गोळीबद्दल तिथे बोला. मनाने बंद करू नका. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल या जातीची गोळी एकदम तोडली तर छातीत दुखणं उलटतं, अटॅकही येऊ शकतो.

पाळीचं म्हणाल तर बायकांना पहिला अटॅक पुरुषांपेक्षा साधारण नऊ वर्षं उशिरा येतो, हे ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलं. उशिरा येतो, येत नाही असं नव्हे. त्याच अभ्यासात उच्च रक्तदाबाचा अटॅकशी संबंध बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त घट्ट होता. मधुमेह असेल तर बाईचं हे संरक्षण बरंच गळून जातं. गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रथिनं गेली असतील, तर पुढे हृदयविकाराचा धोका दुपटीच्या आसपास असतो. बाळंतपणाचा तो कागद कितीजणींनी जपून ठेवलाय? डॉक्टरही क्वचितच विचारतात, तेव्हा आपणहून सांगा.

राहिल्या कंपन्या. त्यांना गोळ्या खपायला हव्या असतात, हे सांगायला फॉरवर्ड कशाला हवा? पण वरचा आकडा १३० झाला की उच्च रक्तदाब, ही रेषा २०१७ मध्ये अमेरिकेत आखली गेली. भारतात सरकारी कार्यक्रमातही निदान अजून १४०/९० वरच होतं. त्या अमेरिकन बदलामागचा मोठा आधार म्हणजे बीपी आणखी खाली आणून पाहणारा २०१५ चा स्प्रिंट हा प्रयोग, आणि तो तिथल्या सरकारी संस्थेच्या पैशातून झाला होता. त्याच्यावर खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो निरोपात कुठेच नाही: ९,३६१ जणांत बायका होत्या फक्त ३६ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे बीपी आणखी खाली आणल्याचा फायदा बायकांपुरता वेगळा काढला, तर तो दिसतो, पण ठामपणे सिद्ध होत नाही.