पुस्तक वाचलेल्यांनी मागे बसावं

काल रात्री मला सोफ्यावरून उठवून मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवण्यात आलं. गुन्हा एवढाच की 'द हॉबिट'चा दुसरा भाग चालू असताना मी तिसऱ्यांदा म्हणालो, "पुस्तकात हे असं नाहीये." निकाल अकरा वर्षांच्या भाचीने दिला. "मामा, पुस्तक वाचलेल्यांनी मागे बसायचं."

बरं, मी चुकीचं काय बोललो? कैदेतून पिंपांत बसून पळण्याचा प्रसंग घ्या. टॉल्किनच्या पुस्तकात बिल्बो, म्हणजे गोष्टीचा नायक, तोच तो हॉबिट, बुटक्यांना पिंपांत कोंबतो, आजूबाजूला गवत ठासतो आणि वरून झाकणं लावतो. स्वतः बाहेर, एका पिंपावर भिजत बसतो. मग त्याला असली सर्दी होते की सरोवरातल्या गावातल्या मेजवानीत आभारसुद्धा नाकातून निघतात. सिनेमात पिंपं उघडी, काठावरून ऑर्क तुटून पडलेले, आणि एक जाडा बुटका पिंपासकट टप्पे खात शत्रू लोळवतोय. पोरं सोफ्यावर उभी राहून नाचली. सर्दी कुणाला हवीय?

दुसरी हरकत टॉरिएलवर. पुस्तकात बायका जवळजवळ नाहीतच. बिल्बोच्या आईचा उल्लेख येतो, तेवढाच. तेव्हा एक तिरंदाज बाई घातली याला माझी ना नाही. पण तिला आणून लगेच प्रेमात पाडायचं, त्यासाठी कीली नावाच्या बुटक्याच्या पायात विषारी बाण घुसवायचा आणि त्याला गावात मागे ठेवायचं? पुस्तकात तेराच्या तेरा बुटके डोंगरावर जातात हो! हे मी बोललो, आणि खुर्ची मिळाली.

आता अण्णांकडे येतो. अण्णा म्हणजे मेव्हणीचे सासरे. उभी हयात सोनारकामात गेली. पहिला भाग त्यांनी पाहिलेला नाही, बुटके किती हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि जादूगार गँडाल्फला ते 'ते महाराज' म्हणत होते. दीड तास निवांत डुलक्या घेत होते. मग नाण्यांचा ढिगारा सरकला, त्यातून स्मॉग ड्रॅगनचा डोळा उघडला आणि अण्णांचेही दोन्ही.

पुढे बुटके ड्रॅगनला चिडवून त्याच्याच आगीवर भट्ट्या पेटवून घेतात आणि सोनं वितळवून राजाच्या प्रचंड पुतळ्याच्या साच्यात सोडतात. यातलं अक्षरही पुस्तकात नाही. तिथे ड्रॅगनशी बोलायला एकटा बिल्बो जातो, बाकीचे त्याच्या जवळही फिरकत नाहीत. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "थांबव रे."

आणि सिनेमा थांबला! माझ्यासाठी आवाजसुद्धा कमी केला नव्हता.

"सवागी कुठे टाकली?" अण्णांनी विचारलं. "सवागीशिवाय मळ सुटत नाही. आणि साचा तापवला का? साच्यात ओल राहिली तर तिची वाफ होऊन सोनं अंगावर उडतं."

"अण्णा, ती गोष्ट आहे," जावईबापू म्हणाले.

"गोष्ट असली म्हणून काय झालं? सोनं हजार चौसष्ट अंशालाच वितळणार ना?"

सिनेमा सुरू झाला. बुटक्यांचा म्होरक्या थोरिन लोखंडी ढकलगाडीत बसून वितळलेल्या सोन्याच्या ओघळावरून निघाला. मला वाटलं, आता अण्णा फाडणार. पण अण्णा खूश! "हे बरोबर दाखवलंय. सोनं लोखंडाच्या अडीचपट जड. गाडी तरंगणारच, वितळणार पण नाही. वर बसलेला भाजून निघेल, ते वेगळं."

मग साचा ओढून काढला, पुतळा क्षणभर उभा राहिला आणि फुटला. पुन्हा पॉज. "एवढा ठोकळा आतून थिजायला दिवसच्या दिवस लागतात. वरची साय धरली की साचा काढतोय! उतावळा कारागीर." लाट ड्रॅगनवर आली, तो आत गडप झाला. पॉज. "बुडणार कसा? सोन्यावर लोखंड तरंगतं, हा तर हाडामांसाचा. ओंडक्यासारखा वर राहील."

पोरं अण्णांच्या पायाशी सरकून बसली होती. माझ्या हरकती म्हणजे किरकिर, आणि अण्णांच्या म्हणजे ज्ञान! मी पण तेच म्हणत होतो ना, की हा प्रसंग खोटा आहे? एकोणीस प्रकरणांचं पुस्तक ताणून तीन सिनेमे केले, थिएटरातल्या लांबीने ४७४ मिनिटांचे. मग ही भर घालावीच लागते. आणि ज्याच्या नावाचा सिनेमा, तो बिल्बो आपल्याच गोष्टीत अर्धा वेळ पाहुण्यासारखा उभा. याचं कुणाला काही नाही. १९३७पासून लोक ज्याच्यासाठी ते पुस्तक वाचतायत, त्याला सर्दी होण्याइतकाही वेळ मिळू नये? पण हे खुर्चीवरून कोण ऐकणार?

शेवटी सोन्याने माखलेला स्मॉग डोंगर फोडून आकाशात झेपावतो आणि अंग झटकतो. सोन्याचा पाऊस. अण्णा ताडकन उभे राहिले. "झटकलं? अरे, आमच्या दुकानातली झाडलोटसुद्धा सोन्याचे कण काढायला झारेकरी विकत नेतात!"

पडद्यावर बिल्बो हताशपणे स्वतःलाच विचारतो, हे आपण काय केलं. आणि पडदा काळा. २०१३ साली थिएटरात लोकांनी इथेच शिव्या घातल्या होत्या, कारण पुढचं बघायला वर्षभर थांबायचं होतं. काल पोरांनीही तोच गिल्ला केला. अण्णा तेवढे शांतपणे चप्पल शोधत म्हणाले, "तूट केलीत. दुसरं काय?"

तिसरा भाग रविवारी आहे. सोफ्यावरची मधली जागा अण्णांना. मला निरोप आलाय की येताना खुर्ची घरूनच आणा, त्यांची एक मोडली आहे.