करोली घाटाची वाट बुजत चाललीय

गेल्या शनिवारी साम्रदहून करोली घाट, म्हणजे कड्यावरून खाली उतरणारी जुनी पायवाट, उतरलो. खाली ठाणे जिल्ह्यातल्या डेहणे गावाला पोचायला नेहमीपेक्षा जवळजवळ दुप्पट वेळ लागला. पाय थकले म्हणून नाही, सगळा वेळ वाट शोधण्यात गेला. घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे. पोस्ट लांबेल, पण सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी जरा वेळ काढून वाचावी ही विनंती.

साम्रद म्हणजे अकोले तालुक्यातलं, भंडारदरा धरणाच्या फुगवट्यापलीकडचं, पार कड्याच्या टोकावर बसलेलं गाव. मागे रतनगड आणि त्याचा खुट्टा सुळका, उत्तरेला अलंग-मदन-कुलंग हे किल्ल्यांचं त्रिकूट, नजर थोडी उजवीकडे नेली की कळसूबाई. आणि पश्चिमेला जमीनच संपते. गवत संपतं, मग एक काळा कातळ, आणि त्याच्या पुढे थेट खाली ठाणे जिल्हा. आजोबाचा डोंगर समोर असा उभा असतो की हात पुढे केला तर लागेल. हिवाळ्यात सकाळी आठच्या सुमाराला तिथे बसलं की खालच्या वाड्यांमधला चुलींचा धूर सरळ वर येताना दिसतो. आपण ज्याला पॉइंट म्हणतो त्याला गावात नुसतं 'कड्यावर' म्हणतात. "गुरं कड्यावर गेलीत" इतकं साधं.

मी ज्यांच्या पडवीत पथारी टाकतो त्या बाबांना घेऊन निघालो होतो. वय सत्तरीच्या आसपास, पायात टायरची चप्पल, हातात काठी, खांद्यावर फडक्यात बांधलेल्या नाचणीच्या दोन भाकरी आणि लसणाची चटणी. सुरुवातीला वाट ठीक होती. मग उतार लागला, झाडी दाट झाली आणि कारवीच्या झुडपांनी दोन्ही बाजूंनी वाट पार गिळलेली. बाबा थांबले. मी विचारलं, "बाबा, चुकलो का आपण?" त्यांनी काठीने पुढची कारवी बाजूला केली, वाकून जमीन बघितली. खाली दगड होते, पण साधे नव्हेत, वर्षानुवर्षं पावलांनी घासून गुळगुळीत झालेले. "वाट हाय," ते म्हणाले, "पन चालनारं नाय."

मग उतरता उतरता ते बोलत राहिले. त्यांच्या आईचं माहेर घाटाखालचं. लग्नात वऱ्हाड याच वाटेने वर आलं होतं, नवरी पायी. कोकणातून मीठ आणि सुके बोंबील वर यायचे, वरून तांदूळ, हिरडा खाली जायचा. डोक्यावर भात घेऊन बायका पहाटे निघायच्या आणि दुसऱ्या दिवशी मिठाची गोणी घेऊन चढून यायच्या. आजारी माणसाला डोलीत घालून चार जण खांद्यावरून हीच वाट उतरलेले. एका वळणावर दगडांची रास होती, वर सुकलेल्या डहाळ्या. बाबांनी शेजारच्या झुडपाची डहाळी तोडून त्यावर ठेवली, हात जोडले, मीही ठेवली. त्या राशीवर हिरवी डहाळी एकही नव्हती. आमच्या आधी तिथून कोण आणि कधी गेलं होतं, कुणास ठाऊक.

आता दुसरं चित्र बघा. दुसऱ्या दिवशी रविवार. साम्रदच्याच सांदण दरीच्या तोंडाशी गाड्यांची रांग. सांदण खरंच थक्क करणारी आहे, त्यात वाद नाही. जमीन उभी फाटावी तशी ती घळ, दोन्ही बाजूंना दोन-तीनशे फूट उंच बेसॉल्टच्या भिंती, काही ठिकाणी इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील. आत ऊन मोजकंच उतरतं, त्यामुळे भर मे महिन्यातही दगड गार. मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा आत पाण्याच्या टाक्याशी आम्ही तिघं होतो आणि वरून गळणाऱ्या थेंबाचा आवाज मोजता येत होता. परवा त्याच टाक्याशी साठेक माणसांचा एकच ग्रुप अडकला होता. पुढे जाणारे आणि परत येणारे समोरासमोर, एकाच्या पाठीवर स्पीकर, पाण्यात चिप्सची पाकिटं. ग्रुप आणणाऱ्या आयोजकाला मी विनंती केली की निदान गाणी बंद करा. तो म्हणाला, "सर, लोकांनी पैसे भरलेत." मला त्याचा राग आला आणि वाईटही वाटलं, कारण त्या साठांपैकी निम्म्यांना तरी शांतता आवडली असती याची मला खात्री आहे. त्यांना कुणी ती दाखवलीच नाही.

एकाच गावाच्या दोन बाजू. एका वाटेवर पाय ठेवायला जागा नाही आणि अर्ध्या-पाऊण तासावरची दुसरी वाट माणूस नाही म्हणून मरतेय. माझं म्हणणं या दोन गोष्टींच्या मध्ये आहे.

आपण ट्रेकर लोक समजतो की डोंगरातल्या वाटा तिथे असतातच, आपण फक्त जाऊन चालायचं. तसं नसतं. सह्याद्रीत पाऊस एवढा पडतो की दोन-तीन पावसाळे कुणी चाललं नाही तर वाट जाते. दरड घसरते, झाड आडवं पडतं, गवत कंबरेएवढं होतं, कारवी दोन्हीकडून गळामिठी घालते. वाट टिकते ती गुरांच्या खुरांनी, लाकूडफाटा आणणाऱ्या बायकांच्या पावलांनी, बाजाराला जाणाऱ्यांनी. नाणेघाट सातवाहनांच्या काळापासून दोन हजार वर्षं टिकला. त्याच्या गुहेतला शिलालेख आणि जकातीचा दगडी रांजण आपण बघतो, फोटो काढतो, पण तो घाट टिकला कारण तेवढी वर्षं त्यावरून बैल आणि माणसं चालत होती. आज डांबरी रस्ते झाले, गावात जीप येते, एसटी येते. ते झालंच पाहिजे होतं. बाळंतिणीला डोलीतून घाट उतरवायला लागू नये, याहून मोठं काही नाही, आणि रस्त्याविरुद्ध मी एक अक्षर लिहिणार नाही. पण त्या रस्त्याने घाटवाटांचं काम संपवलं, आणि आता त्यांना चालणारं कोणी उरलं असेल तर ते आपणच आहोत. आणि आपण सगळे जातो कुठे? रविवारी, पावसाळ्यात, त्याच चार ठिकाणी.

कळसूबाईचं घ्या. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, बारी गावातून वाट, वर लोखंडी शिड्या. नवरात्रात देवीला येणारे आसपासच्या गावांतले भाविक त्या शिड्या अनवाणी चढतात. तीच शिडी जुलैच्या रविवारी अशी भरते की माणसं तासन् तास पावसात भिजत उभी. अभयारण्य आहे हे, १९८६ सालापासून, कळसूबाई-हरिश्चंद्रगड नावाचं. नाक्यावर आपण पावती फाडतो आणि मग जत्रेत शिरतो. काजव्यांचंही तेच झालंय. मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर, हिरडा-बेहड्याची झाडं लुकलुकायला लागली की गाड्यांचे हेडलाइट थेट झाडांवर. काजवा लुकलुकतो तो जोडीदाराला खूण करायला, उजेडात त्याची खूणच दिसत नाही. एवढं तरी कळायला हवं.

याच पट्ट्यात किती वाटा आहेत! रतनवाडीला अमृतेश्वराचं शिलाहारकालीन मंदिर बघून लोक शिड्यांनी रतनगडावर जातात आणि नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकात, फोटो काढून तिथूनच परत फिरतात. त्याच गडाच्या त्र्यंबक दरवाज्यातून साम्रदच्या बाजूला उतरणारी वाट आहे, खोदीव पायऱ्यांची. रतनवाडीतून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, तिथून पेठेची वाडी, पाचनई, आणि मग हरिश्चंद्रगड, ही सलग दोन-तीन दिवसांची चाल आहे. माझ्या मते सह्याद्रीत याहून सुंदर चाल क्वचितच असेल. कात्राबाईच्या जंगलात भर दुपारी ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही. कुमशेतला संध्याकाळी पोचलात की कुणाच्याही अंगणात गरम पाण्याचा तांब्या आधी पुढे येतो, कुठून आलात हे नंतर विचारतात.

हे सगळं लिहिताना एक भीती आहेच, की मी लिहिलं आणि उद्या तिथेही साठ-साठची टोळी गेली तर? म्हणून स्पष्ट लिहितो. सहा-आठ जणांपेक्षा जास्त जाऊ नका. गावातला माणूस बरोबर घ्या, वाट मोबाइलवर असली तरी घ्या. मोबाइलवरची रेघ तीन वर्षांपूर्वी कुणीतरी चाललेली असते, दरड काल पडलेली असते. शिवाय बाबांसारखा माणूस बरोबर असला की मिठाची गोणी दिसते, डहाळीची रास दिसते, वाघबारशीला ज्या दगडाला शेंदूर लावतात तो वाघोबा दिसतो. एरवी तो नुसता दगड. त्यांना दिवसाची मजुरी मान राखून द्या, घासाघीस करू नका. जेवण गावात जेवा. पावसाळ्यात सांदणच्या घळीत आणि घाटाच्या नाळेत, म्हणजे पाणी वाहून येणाऱ्या अरुंद चिंचोळीत, उतरू नका, वर ढग फुटला तर खाली पळायला जागा नसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ, कडा दिसतो, कोकण दिसतं, दमही लागत नाही.

आणि सरकारदरबारी ज्यांची ओळख आहे त्यांच्यासाठी एक मागणी. कड्यावर लोखंडी रेलिंग, सिमेंटचे ओटे, सेल्फी पॉइंट यांवर पैसा येतो, ते मी जागोजागी बघितलंय. सिमेंटच्या ओट्याला पाच वर्षांत भेगा पडतात. त्याऐवजी दर दिवाळीनंतर, भातकापणी उरकली की, जुन्या घाटवाटा मोकळ्या करायचं काम वनखात्याने गावातल्याच लोकांना रोजगार हमीतून द्यावं. आडवी झाडं बाजूला करायची, घसरलेले दगड परत बसवायचे, पाण्याच्या टाक्यांतला गाळ काढायचा. या महाराष्ट्राने रोजगार हमी देशाला दाखवली. कुठला दगड कुठे होता हे ठाऊक असलेली पिढी आज सत्तरीत आहे. ती आहे तोवरच हे जमेल.

डेहण्याला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. बाबा एसटीच्या थांब्यावर बसले, राहिलेली अर्धी भाकरी मला दिली, आणि वर कड्याकडे बघत म्हणाले, "वरून बगितलं का खालचं गाव लई जवळ दिसतं." मग थोड्या वेळाने, "पोरं इचारतात, बाबा तुमी कशाला चालत जाता."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी मी पुन्हा जातोय. साम्रदला शुक्रवारी रात्री मुक्काम, शनिवारी पहाटे करोली घाट उतरायचा, डेहण्यात मुक्काम, रविवारी तोच घाट चढून परत. बाबा आणि त्यांचा नातू बरोबर येणार आहेत. नातू अकरावीत आहे, ही वाट तो पहिल्यांदाच चालणार. अभयारण्य आहे, त्यामुळे कोयता चालवायचा नाही. फक्त चालायचं, पडलेल्या फांद्या बाजूला करायच्या, जिथे वाट फुटते तिथे दगडावर दगड ठेवायचे. माझ्याशिवाय पाच जणांची जागा आहे. ज्यांना यायचंय त्यांनी मेसेज करा. हातमोजे आणि पाण्याच्या दोन बाटल्या आपापल्या आणा, भाकरीचं बाबांच्या घरी सांगून ठेवलंय.