क्लच वेळेआधी संपवायचा असेल तर

इंजिनाची ताकद चाकांकडे जोडणारी-तोडणारी तबकडी म्हणजे क्लच प्लेट. नीट वापरली तर ती लाखभर किलोमीटरही जाते म्हणतात. एवढी वाट कोण पाहणार? मारुती 800 चं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, तरी आमच्या यवतमाळ-वाशिमकडे ती अजून गावोगावी सापडते. गाडी काही संपायचं नाव घेत नाही. निदान क्लच संपवणं तरी तुमच्या डाव्या पायात आहे.

तर तो पाय पेडलवरून काढूच नका. रस्ता मोकळा असो की समोर सरकीच्या ढेपेची बंडी चाललेली असो, पाय तिथेच असू द्या. पायाच्या नुसत्या वजनानेही रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं) प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या बोटांना टेकून इंजिनासोबत फिरत राहतं आणि प्लेटवरची पकड किंचित सैल होते. बेअरिंग अशा सततच्या कामासाठी बनवलेलंच नसतं, त्यामुळे आधी ते ओरडायला लागतं. पेडल दाबल्यावर घरघर येते आणि सोडल्यावर थांबते, ती याचीच. उलट, सोडल्यावर येणारा आणि दाबल्यावर थांबणारा आवाज बहुधा गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगचा असतो. पण हा फरक ओळखत बसण्यापेक्षा टेपचा आवाज वाढवणं सोपं.

पावसाळ्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याला जा, तेही रविवारी. घाटात गाड्यांची रांग लागली की हँडब्रेक ओढायचा नाही, तो देवळासमोर गाडी उभी करण्यासाठी असतो. चढावर अर्धा क्लच आणि थोडी रेस देऊन गाडी जागच्या जागी तोलून धरायची. मागचे पाहुणे म्हणतात, "काय हात बसलाय भाऊ!" हात बसलेला असतो आणि प्लेट जळत असते, कारण इंजिनाला जोडलेलं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, फिरतंय, चाकं थांबलेली आहेत, आणि ती सगळी घसट प्लेटवरच्या अस्तराच्या, म्हणजे लायनिंगच्या, काही मिलिमीटर जाडीत चाललेली आहे. जळका वास आला तर पुढच्या ट्रककडे बोट दाखवा.

घाट लांब पडत असेल तर घरचा पांदण रस्ता आहेच. आषाढात काळ्या मातीत गाडी फसली आणि चाक गच्च रुतून फिरेनासं झालं, की पहिल्या आणि मागच्या गिअरमध्ये आलटून पालटून भरपूर रेस द्या आणि क्लच हळूहळू सोडत राहा. चाक फिरत नाही, इंजिन फिरतं, मधली प्लेट घासून निघते. घाटात जे महिन्यांत होत नाही ते इथे दहा मिनिटांत होतं. बाजूच्या वावरातल्या पऱ्हाट्या-तुराट्या चाकाखाली टाकणं किंवा ट्रॅक्टरवाल्याला हाक मारणं शोभत नाही. उद्या चावडीवर कोणी विचारलं तर काय सांगणार?

एवढं करूनही क्लच जिवंत असेल, तर केबलचा खेळ कधीच तपासू नका. पेडल सुरुवातीला दोनेक सेंटीमीटर हलकं जायला हवं. प्लेट झिजते तसा हा मोकळा खेळ कमी होतो आणि पेडल बरंच वर आल्यावर क्लच गाडी उचलायला लागतो. खेळ पार संपला की बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि प्लेट निसटते. रेस वाढते, गाडी वाढत नाही. केबल ताणली की नेमकं उलटं होतं. खेळ वाढतो, क्लच पुरता सुटत नाही, रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज येतो. दोन्ही दुखणी बहुधा गिअरबॉक्सकडच्या नटाच्या काही आट्यांवर असतात, फक्त फिरवायचं विरुद्ध दिशेने. तुम्ही कोणत्याही दिशेने फिरवा. शक्यता निम्मी निम्मी आहे.

मोठ्या डिझेल गाड्यांत बहुतेक तेलावरचा क्लच असतो. पेडल खालीच बसून राहिलं तर पेडलजवळच्या वरच्या किंवा गिअरबॉक्सकडच्या खालच्या सिलेंडरमधून बहुधा तेल गळतंय. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लचची तेलाची डबी एकच असते, म्हणजे आज क्लच गेला आणि पाठोपाठ ब्रेकही कमी होऊ शकतो. तिथे झाकणावर लिहिलेलं ब्रेक ऑइल टाकण्याऐवजी घरातलं इंजिन ऑइल ओता. रबरी सील फुगतात आणि सिलेंडर बदलायची पक्की सोय होते.

केबल तुटून रस्त्यातच थांबलात तर लगेच चार पोरं बोलवा. काही चिकट लोक सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून सेल्फ मारतात. गाडी हिसका देत चालू होते. पुढे अॅक्सिलरेटर सोडून गिअर अलगद न्यूट्रलला आणतात, रेस खाली येऊ देतात आणि दुसऱ्यात सरकवतात. थांबायच्या आधी न्यूट्रल, नाहीतर इंजिन बंद. घाटात किंवा बाजाराच्या गर्दीत ते हा प्रयोग करत नाहीत. एवढ्या कष्टाने घरी पोचून मिळतं काय? टोचनवाल्याचे पैसे वाचतात, बस. प्लेट जळाली असेल तर मात्र हा उपाय चालत नाही, कारण तिथे क्लच सुटण्याची नाही, धरण्याची अडचण असते. सपाट जागेवर हँडब्रेक ओढून, तिसऱ्या-चौथ्यात क्लच हळू सोडला आणि इंजिन बंद पडलं नाही, तर प्लेट गेली.

मग मिस्त्री गिअरबॉक्स उतरवतो. "भाऊ, खोललंच हाये तं प्रेशर प्लेट अन् बेरिंगबी टाकून घ्या न." त्याचं ऐकू नका. फक्त प्लेट टाका. उतरवण्या-चढवण्याची मजुरी तेवढीच लागते, म्हणून ती दोनदा द्यायला मजा येते. जुन्या प्लेटवर तेलाचे डाग दिसले, तर इंजिनाचं मागचं किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील गळतंय. ते तसंच ठेवा, नवी प्लेटही तेल पिऊन निसटेल. झिजलेल्या प्लेटच्या रिव्हेटांनी फ्लायव्हीलवर चरे पाडले असतील किंवा तापून निळे डाग पडले असतील तरी लेथवर पाठवू नका. उचलताना गाडी थरथरली की मागे बसलेल्यांना झोप लागत नाही. आणि शाफ्टच्या दात्यांना ग्रीस बोटभर फासायला सांगा, कारण चिमूटभर लावलं तर ते उडून लायनिंगवर जाणार कसं?

नवी प्लेट बसायला पहिले चार-पाचशे किलोमीटर हलक्या पायाने चालवावं लागतं. त्यामुळे गॅरेजमधून निघाल्याबरोबर सात जण बसवा, टपावर तुरीची दोन पोती बांधा आणि मेळघाटातल्या धारणीची वाट धरा.