लिनो मुन्योसने श्रीकांतची जागा घेतली नव्हती

ऑलिंपिकचं वर्ष आलं की बॅडमिंटनप्रेमींच्या गटांत एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा: 2016 मध्ये रिओला किदंबी श्रीकांतने मेक्सिकोच्या लिनो मुन्योसला सरळ दोन गेममध्ये हरवलं. पाच वर्षांनी टोकियोला मात्र मुन्योस गेला, आणि एके काळी जगात पहिल्या क्रमांकावर असलेला श्रीकांत घरी राहिला. कारण काय, तर खंडांचा कोटा. मेक्सिकोत बॅडमिंटन नावालाही नाही, तरी तिथल्या खेळाडूला ऑलिंपिकचं तिकीट आयतं मिळतं. तो जातो, हरतो, फोटो काढून परत येतो, आणि त्याच्यापायी आपल्या माणसाची जागा जाते.

यातले काही तपशील खरे आहेत. रिओला श्रीकांतने मुन्योसला हरवलं; श्रीकांत रिओनंतर ऑलिंपिक खेळला नाही, मुन्योस दोनदा खेळला. टोकियो हुकल्याची श्रीकांतच्या चाहत्यांची हळहळही समजण्यासारखी आहे. त्याच वर्षी डिसेंबरात स्पेनमधल्या वेल्व्हाला त्याने जागतिक स्पर्धेचं रौप्यपदक मिळवलं. असा खेळाडू ऑलिंपिकला नसावा याचं वाईट कुणालाही वाटेल. पण त्याचा राग काढायला ज्या माणसाला पुढे केलं आहे, त्याचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही. उरलेला सगळा मजकूर एक तर चुकीचा आहे किंवा अर्धवट.

सगळ्यात मोठा आरोप जागेचा, म्हणून आधी तोच घेऊ. ऑलिंपिकच्या एकेरीत एका देशाला साधारणपणे एकच जागा मिळते. दोन खेळाडू पाठवायचे तर दोघेही जागतिक क्रमवारीच्या गुणांवरून लागणाऱ्या पात्रता यादीच्या पहिल्या 16 मध्ये असावे लागतात. रिओला हाच नियम होता आणि टोकियोलाही. टोकियोच्या वेळी भारताचा बी. साई प्रणीत पहिल्या 16 मध्ये होता, श्रीकांत नव्हता. त्याला वर सरकायची शेवटची संधी 2021 च्या एप्रिल-मे-जूनमधल्या स्पर्धांत होती. कोविडमुळे इंडिया ओपन, मलेशिया ओपन आणि सिंगापूर ओपन या तिन्ही स्पर्धा झाल्याच नाहीत. श्रीकांतचं टोकियो तिथे संपलं. सायना नेहवालचंही तिथेच संपलं.

आता समजा मुन्योसने ऐन वेळी माघार घेतली असती. त्याची रिकामी जागा कुणाला गेली असती? यादीत त्याच्या खाली असलेल्या आणि देशाच्या मर्यादेत बसणाऱ्या पुढच्या खेळाडूला. तो एस्टोनियाचा असता, श्रीलंकेचा असता, आणखी कुठला असता, पण श्रीकांत नक्कीच नसता. मेक्सिको, ग्वाटेमाला, सुरिनाम या सगळ्यांची नावं खोडली असती तरी नसता. श्रीकांतला अडवणारी मर्यादा भारताच्या दुसऱ्या जागेची होती, आणि त्या दारावर मुन्योस उभाच नव्हता. याच नियमाने डेन्मार्कच्या रासमुस गेमकेला आणि जपानच्या केंटा निशिमोतोलाही बाहेर ठेवलं, कारण त्यांच्या देशांच्या दोन्ही जागा आधीच भरल्या होत्या. रिओच्या वेळी आपला अजय जयराम असाच राहिला होता. पारुपल्ली कश्यपला तर त्या मोसमात गुडघ्याच्या दुखापतीने गाठलं. यातल्या कुणाचीही जागा मेक्सिकोकडे गेली नाही.

मग खंडांच्या कोट्याचं काय? तसा नियम आहे, पण तो काय आहे ते न बघताच मजकूर लिहिलेला दिसतो. प्रत्येक खंडाचा निदान एक खेळाडू प्रत्येक प्रकारात असावा, एवढंच त्यात म्हटलं आहे. एखाद्या खंडातून क्रमवारीच्या जोरावर कुणीच येत नसेल तरच तो वापरायची वेळ येते. टोकियोला अमेरिका खंडातून कॅनडाचा ब्रायन यांग होता, ब्राझीलचा इगोर कोएल्यो होता आणि दोघेही मुन्योसच्या वर होते. रिओला अमेरिकेचा हॉवर्ड शू होता, क्युबाचा ओस्लेनी गेरेरो होता. म्हणजे खंडाची अट दोन्ही वेळा इतरांनीच पुरी केली होती. छोट्या देशांना निमंत्रणाने मिळणाऱ्या काही जागा असतात, पण त्या फार थोडे खेळाडू पाठवणाऱ्या देशांसाठी. मेक्सिकोचं पथक शंभराहून मोठं असतं, त्यांना त्या मिळत नाहीत. मुन्योस गेला तो क्रमवारीने.

ही क्रमवारी कशी कमवावी लागते, ते या वादात कुणी सांगत नाही. मला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच वाटतो.

वर्षभरातल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण धरले जातात. रिओच्या पात्रतेच्या काळात, म्हणजे मे 2015 ते मे 2016 मध्ये, जागतिक स्पर्धा सोडली तर सगळ्यात वर सुपर सीरिज प्रीमियर होती. तिच्या विजेत्याला 11,000 गुण. खाली येत येत इंटरनॅशनल चॅलेंजच्या विजेत्याला 4,000, इंटरनॅशनल सीरिजच्या विजेत्याला 2,500 आणि फ्यूचर सीरिजच्या विजेत्याला 1,700. आता याच तक्त्याची दुसरी बाजू बघा. सुपर सीरिज प्रीमियरच्या मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे पात्रता फेऱ्यांनंतरच्या मूळ स्पर्धेत, पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला 2,660 गुण मिळत. म्हणजे वरच्या स्तरावर एकही सामना न जिंकणारा खेळाडू, खालच्या स्तरावर आख्खी इंटरनॅशनल सीरिज जिंकणाऱ्यापेक्षा पुढे! आणि वरच्या स्तराच्या मुख्य ड्रॉमध्ये थेट शिरायला आधी क्रमवारी चांगली हवी.

आपले आघाडीचे खेळाडू या उतरंडीच्या वरच्या पायऱ्यांवर असतात. हैदराबादच्या अकादमीतून निघून ते थेट मोठ्या स्पर्धांत उतरतात. लॅटिन अमेरिकेतला खेळाडू आपल्या खंडातल्या चॅलेंज आणि सीरिज स्पर्धांत आठवड्यामागून आठवडे खेळून त्या गुणांची भर घालतो. एकेका स्पर्धेत चार-चार, पाच-पाच सामने जिंकले तर कुठे आकडा हलतो. एका आठवड्यात पोट बिघडलं किंवा घोटा मुरगळला की तो आठवडाही गेला आणि विमानाचं भाडंही. अशा दहा स्पर्धा जमवून एका ऑलिंपिकच्या यादीत बसणं, आणि पंचवीस ते तीस अशी पाच वर्षं ओलांडून दुसऱ्या ऑलिंपिकच्या यादीत पुन्हा बसणं, याला आयतं तिकीट म्हणणाऱ्याने एकदा त्या गुणतक्त्यासमोर बसून हिशेब करावा. दुसऱ्या वेळी तर मध्ये कोविडचं अख्खं वर्ष होतं आणि पात्रतेची मुदत जून 2021 पर्यंत लांबली होती.

आता ‘मेक्सिकोत बॅडमिंटन नाहीच’ याकडे वळू. 1976 मध्ये पॅन अमेरिकन बॅडमिंटन महासंघ उभा राहिला तेव्हा मेक्सिको त्याच्या संस्थापकांत होता. 2010 ची जागतिक कनिष्ठ स्पर्धा मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराला झाली. मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी अनेकांना ही स्पर्धा वेगळ्या कारणाने आठवायला हवी, कारण साई प्रणीतला एकेरीचं कांस्यपदक तिथेच मिळालं. मुलांचा विजेता होता डेन्मार्कचा व्हिक्टर अॅक्सेलसन. पुढे टोकियोला ज्याला भारताची एकमेव जागा मिळाली आणि ज्याने सुवर्णपदक नेलं, ते दोघेही किशोरवयात मेक्सिकोच्या कोर्टवर चमकून गेले होते. त्याच शहरात पुढच्या वर्षी पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धा झाली. 2015 च्या डिसेंबरात मेक्सिको सिटीने ग्रां प्री दर्जाची, म्हणजे सुपर सीरिजच्या खालची पण चॅलेंजच्या वरची, आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवर आहे. हवा विरळ असल्याने शटल फार जोरात जातं आणि क्लिअर, म्हणजे मागच्या रेषेपर्यंत मारलेला उंच फटका, सहज बॅकलाइनच्या बाहेर पडतो, म्हणून तिथे मुद्दाम कमी वेगाची शटल वापरावी लागतात. समुद्रकाठच्या हॉलमध्ये हात बसलेल्या खेळाडूला तिथे पहिले दोन दिवस काही सुचत नाही.

आणि 2016 च्या थॉमस चषकाच्या, म्हणजे पुरुषांच्या जागतिक सांघिक स्पर्धेच्या, अंतिम टप्प्यात, चीनमधल्या कुन्शानला, मेक्सिकोचा पुरुष संघ खेळला होता. गट कुठला, तर चीन, जपान आणि फ्रान्सचा. आपणही त्या स्पर्धेत होतो, इंडोनेशिया, हाँगकाँग आणि थायलंडच्या गटात, आणि गटाच्या पुढे गेलो नाही.

मेक्सिकोत हा खेळ फुटबॉल आणि बॉक्सिंगच्या मानाने लहान आहे, हे खरंच. पण बॉक्सिंगसारख्या मोठ्या खेळातसुद्धा तिथे काय हाल होते ते ऐका. रिओला मेक्सिकोला पहिलं पदक मिळवून देणारा मिसाएल रोड्रिगेस आणि त्याचे साथीदार बॉक्सर 2015 मध्ये स्पर्धेच्या प्रवासखर्चासाठी मेक्सिको सिटीच्या बसमध्ये चढून लोकांकडे पैसे मागत होते. पुढे टोकियोच्या तयारीच्या ऐन काळात, ऑक्टोबर 2020 मध्ये, आघाडीच्या खेळाडूंना मदत करणारा फोदेपार नावाचा सरकारी निधीच मोडीत काढण्यात आला. या देशातला खेळाडू फिरायला म्हणून ऑलिंपिकला जातो, असं म्हणायला जीभ कशी धजते?

राहिला प्रश्न हरण्याचा. मुन्योस दोन्ही वेळा गटातच बाद झाला, बरोबर. बहुतेक गट तीन-तीन खेळाडूंचे आणि त्यातून एकच पुढे, अशी ती रचना आहे. रिओला 11 ऑगस्टला श्रीकांतने त्याला 21-11, 21-17 असं हरवलं. दुसऱ्या गेमच्या 17 गुणांकडे जरा बघा. त्याच श्रीकांतने पुढच्या सामन्यात स्वीडनच्या हेन्री हुर्स्काइनेनला 21-6, 21-18 असं हरवलं आणि त्यानंतर डेन्मार्कच्या यान योर्गेनसेनसारख्या खेळाडूला 21-19, 21-19 असं. उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या लिन डानला तिसऱ्या गेममध्ये 18 पर्यंत झुंजवलं. श्रीकांत त्या आठवड्यात आयुष्यातलं फार मोठं बॅडमिंटन खेळत होता. त्याच्यासमोर एक गेम 17 पर्यंत नेणारा माणूस हौशी नव्हता.

आणि हरणं हाच पर्यटक असण्याचा पुरावा असेल, तर तोच न्याय आपल्याला लावायची तयारी आहे का? टोकियोला साई प्रणीत इस्रायलच्या मिशा झिल्बरमनकडून सरळ गेममध्ये हरला, मग नेदरलँड्सच्या मार्क काल्जाऊकडूनही हरला आणि गटातच बाद झाला. तो जागतिक स्पर्धेचा पदकविजेता होता. पुण्याचा निखिल कानेटकर 2004 मध्ये अथेन्सला गेला, एक सामना जिंकला आणि डेन्मार्कच्या पीटर गेडकडून हरला. कानेटकर ऑलिंपिकला खेळला याचा पुण्यातल्या बॅडमिंटनवाल्यांना आजही अभिमान आहे, आणि असायलाच हवा. हरलेल्या आपल्या खेळाडूला ऑलिंपियन म्हणायचं आणि हरलेल्या मेक्सिकनला पर्यटक, हे मला पटत नाही.

टोकियोला मुन्योसच्या गटात कोण होते हेही सांगायला हवं. एक हाँगकाँगचा मानांकित एन्ग का लाँग आणि दुसरा ग्वाटेमालाचा केविन कोर्दोन. ड्रॉ निघाला तेव्हा या गटाकडे कुणी फारसं पाहिलंही नसेल. कोर्दोनने दोघांनाही हरवलं. मग काल्जाऊला हरवलं, म्हणजे ज्याने आपल्या साई प्रणीतचा गट जिंकला होता त्याला. मग दक्षिण कोरियाच्या हो क्वांग-हीला, ज्याने जपानच्या केंटो मोमोताला त्याच्याच घरच्या मैदानावर बाहेर काढलं होतं. उपांत्य फेरीत अॅक्सेलसनकडून हरला, कांस्यपदकाच्या लढतीत इंडोनेशियाच्या गिंटिंगकडून हरला, आणि चौथा आला. 34 वर्षांचा, जागतिक क्रमवारीत 59 वा, मुन्योस ज्या स्पर्धांत घाम गाळायचा त्याच स्पर्धांतून वर आलेला खेळाडू.

देशागणिक मर्यादेवर वाद घालायला माझी हरकत नाही. पहिल्या 16 ऐवजी पहिल्या 24 पर्यंत दुसरी जागा द्यावी, असं कुणी म्हणालं तर ती मागणी विचार करण्याजोगी आहे आणि तिचा फायदा श्रीकांतसारख्याला झालाही असता. पण रिओला आणि टोकियोलाही बॅडमिंटनच्या जागा मिळून 172 होत्या. वर एक वाढली की यादीच्या तळातून एक जाणार. ती कापणी तळातल्या मुन्योसपाशी सुरू होईल आणि असे आणखी काही बदल झाले की 59 व्या क्रमांकाच्या कोर्दोनपर्यंत पोचेल. तेव्हा ही मागणी करणाऱ्याने, टोकियोच्या त्या उपांत्य फेरीत आपल्याला नेमकं कोण नको होतं, तेही सोबत सांगावं.